धरणाचा भोंगा वाजला, आता जायचं कुठे? (नदीकाठच्यांसाठी धागा)

काठावरचा | 3 जून, 21:10

राम राम मंडळी. पावसाळा तोंडावर आलाय म्हणून धागा काढतोय.

आमचं गाव एका मध्यम धरणाच्या खाली, नदीच्या वळणावर आहे. नाव मुद्दाम टाकत नाही. नाव टाकलं की चर्चा त्या एका धरणाची होते आणि बाकीचे "आमच्याकडे बरं आहे बाबा" म्हणून पुढे सरकतात. धरणावर भोंगा आहे. दरवाजे उचलण्याआधी तो वाजवतात. गावात ऐकू येतो का, तर ते वाऱ्यावर अवलंबून. पत्र्याच्या घरात रात्री पाऊस कोसळत असला तर शेजारच्या गोठ्यातली म्हैस ओरडलेली कळत नाही, तिथे भोंग्याचं काय घेऊन बसलात.

दुसरी सोय व्हॉट्सॲपची. "धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू करण्यात येत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे व सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे." वर्षानुवर्षं हाच मजकूर, आकडा तेवढा बदलतो. (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी.) अमुक हजार क्युसेकला पाणी मारुतीच्या पायरीला लागणार की खालच्या आळीत शिरणार? किती वेळात? सुरक्षित स्थळ म्हणजे कुठलं, आणि ते कोणी ठरवलंय? गावात चौघांना विचारलं तर चार उत्तरं मिळतात.

तुमच्याकडे काय पद्धत आहे, काय चालतं, काय चालत नाही, ते लिहा. सरकारला शिव्या घालायला वेगळे धागे आहेत. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणासाठी तर ढिगाने आहेत.

शंकासुर | 3 जून, 21:22

मी पहिला!

नदीच्या पात्रात घरं बांधायची आणि मग भोंगा ऐकू येत नाही म्हणून रडायचं. पूररेषा आखलेली असते ना? मग?

माजी_पोलीस_पाटील | 3 जून, 21:48

शंकासुरराव, शहरातल्या बिल्डरचं आणि गावाचं एकाच मापाने मोजू नका. गाव आधी होतं, धरण नंतर आलं. आमच्या आज्याच्या आज्याने घर बांधलं तेव्हा नदीला पूर यायचा तो आभाळाचा. त्याची चाहूल आधी दोन दिवस लागायची: पाण्याचा रंग बदलायचा, वरून पालापाचोळा यायचा. दरवाजाचं पाणी तसं येत नाही. आमच्या माथ्यावर ऊन असतं आणि नदी चढत असते.

पंचगंगाकाठ | 3 जून, 22:05

काठावरचे, तुमचं खरं दुखणं क्युसेकचं हाय बघा. कोल्हापुरात पावसाळ्यात क्युसेक कोण इचारत न्हाई. सकाळी उठलं की पयला प्रश्न, "राजाराम बंधाऱ्याला किती फूट?" 39 फूट म्हणजे इशारा पातळी, 43 म्हणजे धोका. हे शाळेतल्या पोराला बी पाठ. 39 जवळ आलं की सुतारवाड्यातली माणसं बोचकी बांधाय लागत्यात, कुणी सांगायची वाट बघत न्हाईत. कुठला रस्ता किती फुटाला बंद पडतो ते एसटीच्या कंडक्टरला इचारा. सांगलीला तसंच, आयर्विन पुलाला 40 इशारा, 45 धोका.

आता 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तवा पाठ असलेला हिशेब बी कमी पडला, ती गोष्ट निराळी. पण एरवी फूट कळतं, क्युसेक कळत न्हाई.

आणि आमच्या राधानगरीचं तर निराळंच. तिथं सात स्वयंचलित दरवाजे हायत. तळं भरलं की आपसूक उघडत्यात, एका दरवाजातनं 1,428 क्युसेक. कुणी बटण दाबत न्हाई, साहेबाची सही लागत न्हाई. मध्यरात्री भरलं तर मध्यरात्री उघडणार. म्हणजे इशारा दरवाजाच्या आधी पोचला पायजे. दरवाजा उघडल्यावर भोंगा वाजवून काय उपयोग?

डिसेंबर 2021 आठवतोय का? पावसाचा पत्ता न्हाई, आणि दुरुस्ती चालू असताना राधानगरीचं एक गेट उघडं ऱ्हाऊन अडकलं. भोगावतीत भर हिवाळ्यात पाणी. पावसाळ्यात सावध ऱ्हाणारा माणूस डिसेंबरात कशाला नदीकडं बघतोय?

गोदाकाठी | 3 जून, 22:31

पंचगंगाकाठ यांना +1. आम्हा नाशिककरांचं मीटर तर शतकानुशतकं वाटावं असं उभं आहे: रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पेपरवाले, टीव्हीवाले, काठावरचे फुलवाले सगळे एकच बोलतात, "मारुतीच्या कमरेला लागलं", "छातीला आलं", "गळ्याशी गेलं". सराफ बाजारातल्या दुकानदारांचं माल वर हलवण्याचं गणित त्याच्यावर चालतं.

निवृत्त_कालवेकर | 4 जून, 07:15

जलसंपदा खात्यात हयात घालवली आहे, तेव्हा थोडं लांबण लावतो. सांभाळून घ्या.

धाग्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र चालल्या आहेत. एक, धरण धडधाकट आहे आणि पाणी जास्त झालं म्हणून दरवाजे उचलले. हे दर पावसाळ्यात होतं, कधी दिवसातून तीनदा. दुसरी, धरणालाच धोका आहे: गळती वाढली, भराव खचला, पाणी माथ्यावरून जायला लागलं. हे माणसाच्या आयुष्यात बहुधा एकदाही होत नाही. पण झालं तर पुराचा विस्तारही वेगळा आणि वेळही वेगळा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दोन्हीसाठी एकच भोंगा आणि जवळजवळ एकच मजकूर असतो. दर आठवड्याला वाजणाऱ्या भोंग्याने एके दिवशी "पळा" म्हटलं तर कोण पळणार?

आता काठावरचे यांच्या मूळ प्रश्नाला धरून एक आकडेवारी. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनने 1999 मध्ये धरणफुटीतल्या जीवितहानीचा अंदाज बांधायची एक पद्धत प्रसिद्ध केली. जुन्या प्रत्यक्ष घटनांवरून त्यांनी दर सुचवले. मध्यम तीव्रतेच्या पुरात, म्हणजे घरं पडतील पण सगळं मुळासकट खरवडून जाणार नाही अशा पुरात, धोक्यातल्या दर शंभर माणसांमागे मृत्यू असे:

इशारा नाहीच: 15.
इशारा 15 ते 60 मिनिटं आधी, पण काय येतंय याची कल्पना मोघम: 4.
तेवढाच वेळ, पण कल्पना नेमकी: 2.
इशारा तासापेक्षा आधी, पण मोघम: 3.
तासापेक्षा आधी आणि नेमका: 1.

यातला तिसरा आणि चौथा आकडा शेजारी ठेवून बघा. उशिरा मिळालेला नेमका इशारा लवकर मिळालेल्या मोघम इशाऱ्यापेक्षा जास्त माणसं वाचवतो. आमच्या खात्यात सगळा जोर "किती आधी कळवलं" यावर असतो, कारण चौकशीत तेच विचारतात. जावक क्रमांक आणि वेळ टाकली की आपण सुटलो. मजकूर वाचून माणसाला काय कळलं, हे कोणी विचारत नाही.

शंकासुर | 4 जून, 09:02

काका, अमेरिकेतली माणसं गाडीत बसून निघून जातात. आपल्याकडे बैल, शेळ्या, म्हातारी, गॅस सिलिंडर. ते आकडे इथे कसे लागू?

निवृत्त_कालवेकर | 4 जून, 09:40

आकडे जसेच्या तसे लागू करा असं म्हणत नाही. क्रम बघा. उलट आपल्याकडे नेमकेपणाची गरज जास्त, कारण आवरायला वेळ लागतो. अर्धा तास आहे हे माहीत असलं तर माणूस म्हैस सोडून देतो, बांधलेली ठेवत नाही. वेळ माहीत नसला की पेटीतली कागदपत्रं शोधत बसतो. शेतकऱ्याचं पहिलं काम काय असतं? नदीतली मोटार काढणं. चांगल्या सूचनेत "मोटारी या वेळेपर्यंत काढा, त्यानंतर पात्रात उतरू नका" असं वेळेसकट असायला हवं. नाहीतर मोटार काढायला गेलेलाच अडकतो.

सिंहगडरोडवाली | 4 जून, 10:26

25 जुलै 2024 ची पहाट आमच्या भागातलं कोणी विसरणार नाही. खडकवासल्याचा विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या घरात गेला तेव्हा सोसायट्या गाढ झोपेत होत्या. एकता नगरीत तळमजल्यांवर पाणी शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या गेल्या, लोकांना बोटींनी काढावं लागलं. कोणी कोणाला किती वाजता कळवलं, यावर नंतर पेपर भरभरून लिहीत होते. तो भाग सोडते.

सांगायचं हे की पस्तीस हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर, हे मी त्या दिवशी दुपारी भाचीला कॅल्क्युलेटरवर करायला लावलं. तोवर तो आकडा माझ्यासाठी शेअर बाजाराच्या निर्देशांकासारखा होता, वर गेला की खाली गेला एवढंच कळायचं. "तुमच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी येईल, गाड्या आत्ता काढा" असं वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं असतं तर पाच मिनिटांत सोसायटी रिकामी झाली असती. वॉचमन जागा असतो हो! रात्री जागं असणारं माणूस शहरात दर सोसायटीत एक आहे, आणि इशाऱ्याच्या साखळीत त्याचं नाव कुठेच नाही.

आणखी एक, विजेचं. त्याच दिवशी पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना तिघं शॉक लागून गेले. म्हणून इशाऱ्यात "मेन स्विच बंद करा" हे वाक्य हवंच.

काठावरचा | 4 जून, 11:05

ताई, वॉचमनचा मुद्दा उचलला. गावाकडे रात्री जागं कोण असतं याचा विचार करतोय. दूध संकलनवाला पहाटे चारला उठतो. रात्रपाळीची लाइट असली की पाणी धरणारे शेतात असतात, आणि ते नेमके नदीच्या बाजूला.

आल्प्सवासी | 4 जून, 13:50

भोंग्यावरून लिहितो. मी स्वित्झर्लंडमध्ये राहतो. इथे दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी देशभरचे भोंगे वाजवून बघतात. नवीन आलो तेव्हा घाबरलो होतो, ऑफिसमधले मात्र कॉफी पीत बसले होते.

कालवेकर काकांच्या मुद्द्याशी याचा थेट संबंध आहे. इथे दोन वेगळे आवाज आहेत. साधा इशारा म्हणजे चढ-उतार करत मिनिटभर वाजणारा भोंगा. त्याचा अर्थ घरात जा, रेडिओ लावा. धरणाचा इशारा वेगळा: बारा खोल, सपाट सूर, प्रत्येक 20 सेकंदांचा, मध्ये 10 सेकंदांची शांतता. तो ऐकला की रेडिओबिडिओ नाही, उठायचं आणि उंच जागी जायचं. धरण फुटलं तर दोन तासांच्या आत पाणी जिथे पोहोचेल त्या पट्ट्यातच हे भोंगे बसवलेले आहेत. म्हणजे धरणावर एक भोंगा असं नसून गावागावांत, माणसांच्या डोक्यावर. झ्युरिकसारखं शहरही झिलझे तलावाच्या धरणामुळे त्या विचारात धरलेलं आहे. कुठल्या रस्त्याने कुठल्या उंचवट्यावर जायचं हे आधी सांगितलेलं असतं.

श्रीमंत देश आहे, मान्य. पण दोन आवाज वेगळे ठेवायला आणि वर्षातून एकदा वाजवायला पैसे लागत नाहीत.

टॉवरबाबा | 4 जून, 15:12

मोबाइलबद्दल थोडं, कारण खातं आमचं.

2023 मध्ये सगळ्यांचे फोन एकाच वेळी किंचाळले होते, आठवतं? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. एसएमएस आणि व्हॉट्सॲप तुमच्या नंबरवर येतात, एकेक करून. लाखभर लोकांना पाठवायचे तर रांग लागते. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर एकदाच बोलतो आणि त्याच्या छायेतले सगळे फोन ऐकतात. नंबरांची यादी लागत नाही, त्यामुळे परगावचा पाहुणाही त्यात येतो. फोन सायलेंटवर असला तरी सहसा आवाज होतो. ठरावीक टॉवर निवडता येतात, म्हणजे फक्त नदीकाठचा पट्टा घेता येतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं (एनडीएमए) "सचेत" ॲपही आहे, पण ॲप मुद्दाम टाकावं लागतं.

मर्यादा सांगतो. वीज गेली की टॉवर बॅटरीवर, मग डिझेलवर, मग बंद. मोठ्या पुरात हीच वेळ येते. आणि धरणांच्या खालची दरी म्हणजे नेटवर्कची बोंब. त्यामुळे मोबाइल एकट्याच्या भरवशावर सोडू नका.

साधा उपाय बऱ्याच तालुक्यांत आधीच आहे, ग्राम सुरक्षा यंत्रणा. ठरलेल्या टोल फ्री नंबरवर गावातल्या माणसाने फोन करून निरोप सांगितला की तो गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनवर एकदम कॉल म्हणून जातो, त्याच्याच आवाजात. बटणांचा फोनही चालतो. बिबट्या, चोर, आग, सगळ्याला वापरतात. तुमचं गाव नोंदलेलं आहे का ते पोलीस ठाण्यात विचारा.

वाशिष्ठी | 4 जून, 20:44

चिपळूण तालुक्यातून लिहितेय. तुम्ही सगळे दरवाज्यांच्या धरणांबद्दल बोलताय. ज्या धरणाला दरवाजाच नाही, भोंगाही नाही, त्याचं काय?

तिवरे. 2 जुलै 2019, रात्री साडेनऊच्या सुमारास. मातीचं छोटं धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी गेली. वीसहून जास्त माणसं. गळतीच्या तक्रारी आधीच झाल्या होत्या. नंतर खेकड्यांनी धरण पोखरलं म्हणून विधान झालं आणि महाराष्ट्रभर खेकड्यांवर विनोद झाले. आमच्याकडे कोणाला हसू आलं नाही.

तिथे कुठलं मोठं यंत्र नको होतं. मुसळधार पावसात धरणावर एक माणूस, हातात बॅटरी, आणि वाडीत एक फोन. गळतीचं पाणी गढूळ झालं की फोन करायचा. स्वच्छ पाणी पाझरतं तोवर धीर धरता येतो, पण गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहतेय. हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना कळतं, पण त्यांचं ऐकून वाडी रिकामी करायचा अधिकार कोणाकडे?

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हाही तेच. कोयनेच्या वीजघरांतून आलेलं पाणी कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत येतं. पूर त्याने वाढला की नाही, यावर अजून घरोघरी वाद आहेत. त्या वादात पडत नाही. पण वरून किती पाणी येतंय हे बाजारपेठेतल्या माणसाला त्या क्षणी कळायची सोय असती तर वाद एवढा पेटला नसता.

निवृत्त_कालवेकर | 5 जून, 06:50

वाशिष्ठीताई, गढूळ गळतीचं तुम्ही लिहिलंत ते आमच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवतात.

टेटन धरण, अमेरिका, 5 जून 1976. योगायोग, आज तीच तारीख. सकाळी गळती दिसली, साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास खालच्या भागातल्या शेरीफना निरोप गेला, 11:57 ला धरण गेलं. हजारो लोकांची वस्ती, मृत्यू पंधराच्या आत. दिवसाची वेळ होती, धरणावर माणसं होती, आणि निरोप ज्याच्याकडे गेला त्याला लोकांना हलवायचा अधिकार होता.

आता गुजरातेतलं मोरबी. 11 ऑगस्ट 1979, मच्छू-2 धरण. पाणी माथ्यावरून गेलं आणि दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले. टेलिफोनच्या तारा पावसाने आधीच बंद पडलेल्या. धरणावरच्या माणसांना समोर सगळं दिसत होतं आणि शहराला सांगायला मार्ग नव्हता. आणि पानशेत तर आपल्या घरचंच. जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते, धरण जाणार अशी धास्ती तिथे होती. 12 जुलै 1961 ला सकाळी पुणं मात्र रोजच्यासारखं कामाला लागलं होतं. धरणावरचं ज्ञान आणि शहरातला माणूस यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

कायद्याचं सांगतो. धरण सुरक्षा कायदा 30 डिसेंबर 2021 पासून लागू आहे. त्यात धरणाच्या मालकावर आपत्कालीन कृती आराखडा करायची जबाबदारी आहे. आधीपासून भरत असलेल्या धरणांसाठी पाच वर्षांची मुदत, म्हणजे 30 डिसेंबर 2026. खालच्या भागासाठी पूर-इशारा यंत्रणा उभारणं, ती वेळोवेळी तपासणं, येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याची माहिती लोकांसमोर ठेवणं, हेही त्यात आहे. देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात, दोन हजारांच्या वर. पण कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही विशिष्ट धरणांना लागू होतो. गावोगावचे पाझर तलाव त्यातून सुटतात.

शंकासुर | 5 जून, 08:30

आराखडा म्हणजे कपाटातली फाइल. आणि समजा सगळं केलं, तरी दर पावसाळ्यात दहा वेळा इशारा आणि नऊ वेळा काहीच नाही. लांडगा आला रे आला. मग दहाव्याला कोणी हलत नाही. याला उत्तर द्या, मग मानतो.

शापोराकाठ | 5 जून, 09:15

शंकासुर, गोव्यातून सांगतो. तिळारी धरणाचं पाणी महाराष्ट्रात सुटतं आणि इब्रामपूर, हणखणे, कोलवाळकडे उतरतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये शापोरा नदीच्या पुराने जे केलं ते बघितल्यापासून आमच्याकडे "काहीच झालं नाही" म्हणून कोणी चिडत नाही. चिडतात ते "कळवलंच नाही" म्हणून. मधे राज्याची हद्द असली की निरोप तिकडून जिल्ह्याला, जिल्ह्यातून इकडच्या जिल्ह्याला, तिथून मामलेदाराला, असा फिरून येतो. पाणी सरळ येतं.

निवृत्त_कालवेकर | 5 जून, 10:05

शंकासुर, प्रश्न रास्त आहे. लांडग्याच्या गोष्टीत पोरगा दर वेळी एकच ओरड मारतो, तिथे घोळ होतो.

केरळात इडुक्कीला पायऱ्या आहेत: निळा, नारिंगी, लाल. पाण्याची अमुक पातळी आली की अमुक रंग, हे आधी जाहीर असतं. ऑगस्ट 2018 मध्ये तिथले दरवाजे 26 वर्षांनी उघडले. त्याआधी कित्येक दिवस रोज पातळी फुटांत जाहीर होत होती, 2,403 फूट पूर्ण भरलेली पातळी हे सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. नंतर केरळात जो महापूर आला त्याची कारणं मोठी आणि वादग्रस्त आहेत, पण दरवाजा उघडणार हे खालच्यांना अचानक कळलं असं झालं नाही. निळा रंग दहा वेळा आला आणि काही झालं नाही तर तो खोटा ठरत नाही, कारण निळ्याचा अर्थच "तयारीत राहा" एवढा आहे.

आणि बाहेरची माणसं विसरू नका. 8 जून 2014, हिमाचलात बियास नदी. लारजी प्रकल्पातून पाणी सुटलं आणि हैदराबादहून सहलीला आलेले अभियांत्रिकीचे 24 विद्यार्थी पात्रात उभे असताना वाहून गेले. स्थानिक माणसाला नदीचा स्वभाव माहीत असतो, पाहुण्याला तो गोट्यांचा सुंदर किनारा दिसतो. आपल्याकडे पावसाळी पर्यटन आता धरणाच्या पायथ्यापर्यंत आलंय. तिथे फलक हवा, आणि त्यावर कलमं नकोत. "वर आभाळ निरभ्र असलं तरी इथे पाणी अचानक वाढतं", एवढंच मोठ्या अक्षरांत.

पंचगंगाकाठ | 5 जून, 12:40

काका, एक नंबर.

काठावरचे, तुमाला एक सांगू? मोठ्या आराखड्याची वाट बघत बसू नगा. गावातली म्हातारी माणसं गोळा करा. कुठल्या साली किती सोडलेलं आणि पाणी कुठवर आलेलं, हे त्यास्नी ठाऊक असतंय. आकडा शाखा अभियंत्याच्या वहीत मिळतोय, खूण म्हाताऱ्याच्या डोक्यात. दोन्ही एका कागदावर आणा. मग इजेच्या खांबावर पट्टे मारा.

माजी_पोलीस_पाटील | 5 जून, 14:18

हे आम्ही केलं आहे, म्हणून दोन अडचणी सांगतो. पहिली, बंधारे. मधल्या कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या काढलेल्या असल्या तर पाणी वेगळं चढतं, घातलेल्या असल्या तर वेगळं. खूण लिहिताना तेही लिहा. दुसरी, ओढा. नदी चढली की ओढ्याचं पाणी मागे फिरतं आणि नदीपासून लांबच्या वाडीत आधी शिरतं. आमच्याकडे सगळ्यात आधी अडकायचे ते ओढ्यापलीकडचे, नदीकाठचे नव्हेत.

आणि रात्री घरोघर कोण जाणार याची नावं लिहून ठेवा. दवंडी गेली, कोतवाल एकटा. आळीला दोन पोरं, ज्यांच्याकडे दुचाकी आहे अशी. एकटं राहणारं, अंथरुणाला खिळलेलं, बाळंतीण, यांची यादी आशाताईंकडे तयार असते. नव्याने करू नका, त्यांच्याकडून घ्या.

काठावरचा | 7 जून, 21:35

मंडळी, फार उपयोग झाला. काल चार जुनी माणसं आणि धरणावरचे एक कर्मचारी यांना एकत्र बसवलं. भांडण झालंच, 2006 चं पाणी पायरीला लागलं होतं की देवळात गेलं होतं यावरून. शेवटी देवळाच्या पुजाऱ्याने निकाल दिला. तीन ओळींचा तक्ता निघाला. पंचनाम्याच्या भाषेतला मेसेज बदलून ग्रामपंचायतीला द्यायला हा मजकूर केलाय, बघा:

"आज रात्री 10 वाजता धरणातून 18 हजार क्युसेक पाणी सुटणार. आपल्याकडे साधारण दीड तासात पोहोचेल. या पाण्याला खालचा पूल बुडतो, स्मशानशेड बुडते, ओढ्यापलीकडची वाट बंद होते, मारुतीच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागते. मोटारी 9 पर्यंत काढा, नंतर पात्रात उतरू नका. ओढ्यापलीकडच्यांनी 10 च्या आत अलीकडे यावे. जनावरे सोडून ठेवा. पाणी अंगणात आले तर मेन स्विच बंद करा. खालच्या आळीने सुरक्षित स्थळी जावे."

सिंहगडरोडवाली | 7 जून, 21:52

छान झालाय. पण शेवटी परत "सुरक्षित स्थळी" आलंच की!

काठावरचा | 7 जून, 21:58

हात सवयीने तिकडेच जातो ताई. "हायस्कूलच्या पहिल्या मजल्यावर जावे" असं करतो.

माजी_पोलीस_पाटील | 7 जून, 22:10

हायस्कूलला रात्री कुलूप असतं. किल्ली कोणाकडे?

काठावरचा | 7 जून, 22:31

शिपायाकडे. तो ओढ्यापलीकडे राहतो. उद्या दुसरी किल्ली करून दूध संकलनवाल्याकडे ठेवतो.